घाम आला की गूळ

बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरणीला दिवाळी अंकात लिहायला सांगतात, तेव्हा संपादकांना काय हवं असतं ते मला ठाऊक आहे. नाल्याला पूर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अडलेली बाई, टॉर्चच्या उजेडात झालेलं जुळं. असे किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत आणि लग्नाच्या पंगतीत मी ते इतक्यांदा सांगितलेत, की माझी मुलगी पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणते. तेव्हा ते राहू द्या.

धुळ्यातलं माझं प्रसूतिगृह मी बंद केलं, कारण कंबर ऐकेना. आता सकाळी थोडा वेळ धुळ्यात आणि दर गुरुवारी शिरपूरला एका ओळखीच्या दवाखान्यात बसते. येणाऱ्या बायका बहुतेक पाळी गेलेल्या. बाळंतीण यायची तेव्हा जीपभर माणसं यायची, आणि नंतर पेढे. ही बाई एकटी येते. फार तर नवरा येतो आणि समोरच्या टपरीवर चहा पीत बसतो. आत आल्यावर ती आधी गुडघ्याचं सांगते, मग सुनेचं, मग डोळ्यांचं. उठून दाराशी गेली की वळून म्हणते, ‘आणखी एक होतं, पण जाऊ द्या.’ ते ‘जाऊ द्या’ म्हणजेच तिचा खरा आजार. मी रागीट आहे असं माझे पेशंट सांगतात. त्या दारातल्या बाईवर मी हमखास ओरडते, ‘या इकडे, बसा आणि बोला!’ आणि ती मुकाट्याने बसते आणि बोलते.

सुमनअक्का मात्र दारापर्यंतही गेली नव्हती. जानेवारीतला गुरुवार होता. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून ती आली होती. घरची कापसाची शेती, नवरा सगळ्या गावाचा नाना, घरात ऐंशीला टेकलेली सासू. वय पन्नाशीच्या जरा पुढे, पाळी जाऊन दोनेक वर्षं झालेली, मधुमेह त्याच्याही आधीपासूनचा. तिला पाठवलं होतं शिरपूरच्याच मधुमेहाच्या डॉक्टरांनी. त्यांना मी भाऊसाहेब म्हणते. माणूस हुशार, मनाने चांगला, पण अक्षर असं की औषधाच्या दुकानातला मुलगाही मान वाकडी करून वाचतो. त्यांनी लिहिलं होतं, खाज आणि लघवीची जळजळ सारखी होते, साखर आवरत नाही, पुढच्या खेपेला इन्सुलिन सुरू करावं लागेल.

साखर चढलेली असली की खाज आणि जळजळ होणारच, त्यात नवल नव्हतं. मी तपासून परत खुर्चीवर बसले आणि लिहायला लागले. बाहेर इतकी थंडी होती की आमची नर्स स्वेटरवर शाल घेऊन बसली होती. समोर बघते तर सुमनअक्काचा चेहरा लाल झालेला, कपाळावर घामाचे थेंब, मान ओली. तिने स्वेटरची बटणं सोडली, पदराची गाठ सोडली, त्यातून लिंबाएवढा गुळाचा खडा काढला आणि तोंडात टाकला. आपण खोकला आला की खडीसाखर टाकतो तितक्या सहज.

‘काय खाल्लंत?’

‘गूय.’

‘का?’

तिला माझ्या अज्ञानाची कीव आली असावी. ‘साखर उतरनी ना, बाई. घाम ऊना, छातीमा धडधड व्हयनं. डॉक्टरसाहेबनी सांगेल शे, अशं व्हयनं का लगेज गोड खावानं.’

मी तिचं बोट टोचून यंत्रावर साखर बघितली. तीनशेच्या वर. गूळ अजून तोंडातच होता, त्यामुळे त्याच्यावर ढकलायलाही जागा नव्हती.

‘अक्का, तुमची साखर उतरलेली नाही. चढलेली आहे, आणि चांगली चढलेली आहे.’

‘मशीन बिघडेल व्हई,’ ती म्हणाली.

आता धंद्यातली गोष्ट बाहेरच्यांसाठी सांगते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कधी कधी साखर फार खाली जाते. तेव्हा दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि गोड खाल्लं नाही तर माणूस बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून प्रत्येक डॉक्टर प्रत्येक पेशंटला घाम आला की साखर खा असं बजावतो, आणि ते बरोबरच आहे. पण पाळी जाते तेव्हा बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन आटतं, आणि शरीराची गरम-थंड सांभाळणारी व्यवस्था काही वर्षं बिघडते. कारण नसताना अंगातून एकदम वाफ निघते, चेहरा तापतो, घाम फुटतो, छाती धडधडते. पाच-दहा मिनिटांत सगळं शांत होऊन उलट थंडी वाजते. बायकांना विचाराल तर याला आपल्याकडे धड नावसुद्धा नाही. ‘आग होते’ म्हणतात, ‘जीव घाबरतो’ म्हणतात. दोन्ही गोष्टी अंगावर सारख्याच दिसतात. एकीवर गूळ हे औषध आहे आणि दुसरीवर तो विष आहे.

सुमनअक्काला अशी आग दिवसातून कितीदा व्हायची ते तिलाही सांगता येईना. प्रत्येक वेळी गूळ. साखर वाढली म्हणून भाऊसाहेबांनी गोळी वाढवायची. गोळी जोरदार झाल्यावर एखाद्या वेळी साखर खरंच उतरायची, गूळ खाऊन बरं वाटायचं, की अक्काचा विश्वास आणखी पक्का. घरच्यांनी तर यात जीव ओतला होता. साखरेपेक्षा गूळ बरा म्हणून नाना रसायनाशिवायच्या गुळाची ढेप आणायचे. सासू रोज संध्याकाळी वाटीत खडे फोडून सुनेच्या उशाशी ठेवायची. साऱ्या घराने मिळून, मायेने, तिची साखर चढवत ठेवली होती.

‘तुम्ही भाऊसाहेबांना गुळाचं सांगितलंत का?’ मी विचारलं.

‘त्यास्नीच तं सांगेल शे. त्यास्ले काय सांगानं?’

 संध्याकाळी भाऊसाहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘मॅडम, मी घामाचं सगळ्यांना सांगतो. पाळीचं कोणालाच विचारत नाही. बाई लाजते आणि तिच्याहून मी जास्त लाजतो.’ तेव्हापासून ते विचारतात. मान खाली घालून विचारतात, पण विचारतात.

पहिलं काम सोपं होतं. नानांना साखर बघायचं यंत्र घ्यायला लावलं आणि अक्काला सांगितलं, घाम आला की आधी बोट टोचा, आकडा बघा, मग ठरवा. यंत्र जवळ नसेल तर मात्र आधी गोड खा, शहाणपण नंतर, कारण उतरलेली साखर वाट बघत नाही. आठ-पंधरा दिवसांत तिला स्वतःलाच कळलं, की दहातल्या नऊ वेळा आकडा वरचाच असतो. गूळ सुटला आणि साखर बरीच खाली आली. माझ्या नर्सने तर केस संपली म्हणून हात झटकले.

पण आग कुठे गेली होती? अक्का रात्रीतून चार वेळा उठायची, ओल्या लुगड्याने अंगणात फेऱ्या मारायची आणि सकाळी दमून जायची. दमलेल्या माणसाला चाल म्हटलं तर तो चालत नाही, आणि हलकं खा म्हटलं तर नेमका भजी खातो. झोप मोडली की साखर वाढते हे पुस्तकातही आहे आणि माझ्या घरातही आहे. शिवाय इस्ट्रोजेन गेलं की चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. म्हणजे आगीचं काही केल्याशिवाय साखर जागेवर राहणार नव्हती. मी भाऊसाहेबांना म्हटलं, हिला हार्मोन देऊ या.

ते उडालेच. ‘अहो, मधुमेहाची बाई! हार्मोन म्हणजे कॅन्सर, हार्मोन म्हणजे गुठळ्या!’

ही भीती पेशंटमध्ये जितकी, तितकीच डॉक्टरांमध्येही आहे, आणि ती सगळी खोटी नाही. हे औषध कोणालाही वाटत सुटायचं नसतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, हृदयाचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, पायात गुठळी झाली असेल, यकृत बिघडलं असेल, कारण न कळता रक्त जात असेल, तर मी त्याचं नावही काढत नाही. पण पाळी जाऊन फार वर्षं झाली नसतील, रक्तदाब ताब्यात असेल, हृदय आणि स्तन तपासून ठीक निघाले असतील, आणि आगीने बाईचं जगणं नकोसं केलं असेल, तर मधुमेह आहे एवढ्यासाठी तिला तसंच जळत ठेवायचं हे कुठलं शास्त्र? उलट या औषधाने शरीर इन्सुलिनला थोडी जास्त दाद देतं. थोडी. हे साखरेचं औषध नव्हे, आणि साखरेसाठी म्हणून मी ते आजवर कोणाला दिलेलं नाही. आमचं भांडण दोन गुरुवार चाललं. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी स्वतःच अक्काच्या हृदयाचा अहवाल माझ्या टेबलावर आणून ठेवला.

स्तनाच्या तपासणीसाठी तिला धुळ्याला यावं लागलं, गर्भाशयाची सोनोग्राफी झाली, आणि सगळं नीट आहे बघून सुरुवात केली. मधुमेहात हे हार्मोन पोटातून देण्यापेक्षा कातडीतून दिलेलं बरं, गुठळीची भीती त्यात कमी. कातडीवर लावायची चिकटपट्टी मिळते. ती बनवणाऱ्याने एप्रिलमधलं खानदेश पाहिलेलं नसावं. पट्टी सकाळी पोटावर लावली की दुपारी कापडाला चिकटायची. मग जेल दिलं, दंडाला चोळायचं. गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देऊन चालत नाही, आतलं अस्तर वाढत राहतं, म्हणून जोडीला रात्रीची एक गोळी. आणि तीनदा बजावलं, की हे मलम नाही, गुडघ्याला लावायचं नाही, घरात कोणाला लावू द्यायचं नाही, लावल्यावर नातवंडांना लगेच उचलायचं नाही. आपल्या घरात ट्यूब आली की ती सगळ्यांच्या सगळ्या दुखण्यांवर फिरते, म्हणून हे बोलावंच लागतं.

जूनमध्ये अक्का आली ती ओळखू येईना. मला बघून हसली. ‘बाई, मी झोपनू!’ एवढंच म्हणाली, आणि एखादी पास झालेली पोर सांगते तसं म्हणाली. ती पुन्हा शेतात चालत जायला लागली होती. साखर उतरली होती, भाऊसाहेबांनी इन्सुलिनचा विषय मागे घेतला होता, एक गोळी कमीही केली होती. त्यात जेलचा वाटा किती, झोपेचा किती, चालण्याचा किती आणि सुटलेल्या गुळाचा किती, ते मला विचारू नका. गुळाचा मोठा असणार.

गावाने मात्र सगळं श्रेय जेलला दिलं. ‘सुमनअक्काना साखरना मलम’ मागत बायका यायला लागल्या. आसपासच्या आल्याच, पण पार पहूरहून, तिकडे जामनेरच्या बाजूने, एक गृहस्थ दोन बस बदलून आले आणि स्वतःच्या साखरेसाठी ते मलम मागू लागले. मी म्हटलं, ‘देते, पण मग मिशा जातील आणि ब्लाउज शिवावा लागेल.’ मी जरा वाढवून बोलले, पण ते जिना उतरेपर्यंत मिशीवरून हात फिरवत होते.

हसून सोडता येणार नाही अशीही एक आली. जळगावच्या शिक्षिका. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं, साखर होती, आणि आग सुमनअक्काच्या दुप्पट. वर्गात फळ्याकडे तोंड करून घाम पुसतात म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘मी लिहून देते, काही झालं तर जबाबदारी माझी.’ मी पुन्हा नाही म्हटलं. हार्मोन नसलेली एक गोळी दिली, सुती कपड्यांचं सांगितलं, रात्री झोपताना काय करायचं ते सांगितलं. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. या बाईंचं मला अजून वाईट वाटतं. औषध कपाटात असतं आणि समोरच्या माणसाला ते देता येत नाही, हे या धंद्यातलं सगळ्यात कडू काम आहे.

तोवर श्रावण आला. आपल्याकडे श्रावण म्हणजे कानबाई. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसवतात, नारळाला डोळे, नथ, साडी, दागिने घालून. मुंबई-सुरतेला गेलेले सगळे भाऊबंद त्या दिवशी घरी परततात. रोटाच्या, म्हणजे देवीच्या नावाने दळलेल्या गव्हाच्या पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. सगळं सोवळ्यातलं काम, आणि ज्या घरात देवी बसते तिथल्या थोरल्या बाईच्या हातचं. नानांच्या घरी हा मान अक्काच्या सासूचा. तिला सगळं गाव मोठी माय म्हणतं. सुमनअक्का लग्न होऊन आल्यापासून तिच्या हाताखाली होती, आणि पाळी असेल त्या वर्षी तीही नाही. त्या वर्षी गोठ्याकडच्या खोलीत बसून नुसती गाणी ऐकायची. जूनमध्ये तिने मला आणखी एक बातमी दिली होती. मोठ्या मायचे हात आता कापतात, म्हणून तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, औंदा कानबाई सुमन मांडेल. ‘आते मले कशानीच आडकाठी नही,’ अक्का म्हणाली होती. पाळी गेल्याचा आनंद झालेली बाई मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

औषध सुरू करताना मी तिला सांगितलं होतं, पहिल्या काही महिन्यांत थोडं रक्त दिसू शकतं, घाबरू नका, मला कळवा. ते दिसलं, कानबाई पंधरा दिवसांवर असताना. अक्का अजिबात घाबरली नाही. तिची अडचण भीतीची नव्हतीच. तिने कोणाला काही न सांगता जेल आणि गोळी दोन्ही बंद केली, म्हणजे रविवारपर्यंत सगळं कोरडं होईल. पण ती रात्रीची गोळी एकदम थांबवली की अस्तर सुटतं आणि पाळीसारखं रक्त येतं. डाग पुसायला गेली आणि धार लागली. जोडीला आग परत आली, झोप गेली, आणि साखर पुन्हा चढू लागली.

कानबाईच्या आधीच्या गुरुवारी ती दवाखान्यात आली. खरं म्हणजे तिला आणलं. पुढे नऊवारी नेसलेली, काठी टेकत चालणारी म्हातारी, मागे खाली मान घालून अक्का. मोठ्या मायला मी पहिल्यांदाच बघत होते. खुर्चीत बसून तिने काठी माझ्या टेबलाला टेकवली.

‘हाई रातले आंगनमा फिरी ऱ्हायनी. पुसं तं काय बी सांगत नही. मंग न्हानीमा कपडा दिखना. मी इले इठे लई उनू.’

मी अक्काला आत नेऊन सोनोग्राफी केली. अस्तर पातळ होतं, काळजीचं काही नव्हतं. बाहेर येऊन सांगितलं, औषध आजपासून परत सुरू करा, हे थांबेल, पुढे-मागे दिसणंही बंद होईल.

‘कानबाई व्हई जाऊ द्या,’ अक्का म्हणाली. ‘मंग पाहू.’

‘मंग पाहू’चा अर्थ मला तीस वर्षांत चांगला पाठ झालाय. ‘मंग पाहू’ म्हणजे कधीच नाही. पुन्हा ती अंगणात फिरणार, पुन्हा गूळ नाही तर दुसरं काही, पुन्हा खाज, पुन्हा इन्सुलिन, आणि पुढे डोळे. मी भडकले. म्हटलं, इतक्या महिन्यांची मेहनत तुम्ही एका सणापायी मातीत घालताय, देवीला काय तुमचं रक्त तपासायचंय का, असलं काय काय. अक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने आयुष्यभर ज्या एका गोष्टीची वाट बघितली ती तीन दिवसांवर होती, आणि मी तिला आकडे ऐकवत होते.

‘तुम्ही जरासं गप ऱ्हा,’ मोठी माय मला म्हणाली. माझ्या दवाखान्यात मला गप करणारी ती पहिलीच. 

‘डॉक्टरीणबाई, हाई रगत पायीनं शे का औषधनं?’

‘औषधाचं. पाळी तिची दोन वर्षांपूर्वीच गेली. औषध तोडलं म्हणून हे आलं.’

‘मंग औषधना इटाळ ऱ्हास का?’

आता यावर मी काय बोलणार? मला तर कशाचाच विटाळ मान्य नाही. पण तो वाद तिथे काढला असता तर दोघी उठून गेल्या असत्या. मी म्हटलं, ‘त्याची पदवी माझ्याकडे नाही, माय. ते तुम्हीच सांगा.’

तिने थोडा विचार केला आणि सुनेकडे वळली. ‘तू रोज बोट टोचीसन रगत काढस. साखर पाहाले. त्याना इटाळ कोनी धरं का घरमा? मंग हाई बी तशंच. दवाखानानं रगत शे.’

‘पन माय, भाऊबंद काय म्हनतीन?’

‘भाऊबंदले सांगाले कोन जाई ऱ्हायनं? तू का डॉक्टरीणबाई? कानबाईना मान मना शे, मी तुले दिना. तूच मांडशी. जाय, औषध लई ये.’

अक्का तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.  वाकून सासूच्या पायाला हात लावला आणि चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेली.

मी म्हटलं, ‘माय, तुम्ही हो म्हणाल असं मला वाटलं नव्हतं.’

म्हातारीने दाराकडे बघून घेतलं. मग ब्लाउजची बाही वर सारली. दंडावर, कोपराच्या थोडं वर, रुपयाएवढा जुना डाग होता. कातडी चुरगळून गुळगुळीत झालेली.

‘माले बी अशीच आग लागे,’ ती म्हणाली. ‘सुमन तव्हय पहिला बायतपनले माहेरले गयेल व्हती. तिले ठाऊक नही. रातले आंगमाईन आगना जाय निंघे, मी उठू आनि गोठामा वल्ला मातीवर जाईसन पडू. नानाना बाप म्हने, बाईले बाहेरनं लागनं. भगतकडे, मांत्रिककडे, लई गयात. भगत म्हने, आंगमा घुसेल शे ते आगलेच भ्यास.’ तिने बाही खाली केली. ‘मी म्हनू आंग जयस. त्यास्नी तापेल सळई लाईसन आखो जाळं.’

 तीस वर्षं रागीट म्हणून मिरवले, पण तो राग त्या क्षणी कुठे काढायचा ते कळेना. शेवटी मूर्खासारखं विचारलं, ‘मग आग थांबली का?’

‘नही वं माय. सांगानं थांबनं. आग चार-पाच साल व्हतीच.’

तिने काठी हातात घेतली, पण उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असावं तसं तिने विचारलं, ‘तव्हय तुम्ही कथा व्हतात, डॉक्टरीणबाई?’

‘कुठे असणार? मी तेव्हा शिकत होते, माय,’ मी सांगितलं. ‘पण शिकवणारेही हे शिकवत नव्हते.’

‘मंग शिकनात कथाईन?’

‘तुमच्या सुमनसारख्या बायकांकडून.’

ती हसली. दात फार नव्हते, पण हसली. टेबलाला धरून उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि दारातून सुनेला हाक मारली, ‘सुमन, आखो एक डबी जास्त ली ले वं. सनमा दुकान बंद ऱ्हास.’